राहिल्याने भाषा येते का?

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून. शेजारी मिरज, म्हणजे दवाखान्यांचे गाव. या पट्ट्यात बारावीच्या निकालानंतर घराघरांत जी चर्चा चालते, तिच्यात परदेशाचे नाव निघणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि त्या यादीत चीनही असतो. कुणाला तिथे एमबीबीएस करायचे असते. कुणाच्या घरचा यंत्रांचा किंवा सुट्या भागांचा धंदा असतो आणि माल चीनमधून येतो. आणि नुसती भाषाच शिकायला, उन्हाळ्याचे आठ आठवडे किंवा अख्खे वर्ष, तैपेईला नाहीतर पेइचिंगला जावे असा विचारही आता केला जातो. भाषेचा विषय निघाला की घरातले मोठे माणूस हमखास म्हणते, तिथे जाऊन राहिल्यावर येईल आपोआप. या 'आपोआप'वर माझा विश्वास नाही. तो का नाही आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही समजूत उगाच रुजलेली नाही. सांगली जिल्ह्यात तर तिला बाजूने भरपूर पुरावा आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतले गलाई व्यावसायिक कित्येक पिढ्या सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. गावी पाऊस नाही म्हणून शाळा अर्धवट सोडून तमिळनाडूत किंवा केरळात गेलेला मुलगा काही वर्षांत तिथल्या सराफाशी त्याच्याच भाषेत घासाघीस करू लागतो. व्याकरणाचे पुस्तक त्याने उघडलेले नसते. जतच्या पूर्वेकडच्या गावांत कानडी आणि मराठी एकाच ओसरीवर नांदतात. तेव्हा 'राहिले की येते' असे म्हणणारा माणूस डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतो. प्रश्न एवढाच की त्याने पाहिलेले चित्र परदेशी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला लागू पडते का.

गलाईच्या दुकानातल्या मुलाचा दिवस पाहा. समोर गिऱ्हाईक, हातात त्याचे सोने, तराजूवर गुंजागुंजाचा हिशेब. चुकीचा शब्द गेला तर पैसे जातात, विश्वास जातो, मालकाचे बोलणे बसते. भाषेवाचून त्याचे एक तासही चालत नाही, आणि तो एकटा किंवा दुकटा असल्याने मराठीत पळायला जागा नसते. आता चीनच्या एखाद्या वैद्यकीय विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्याचा दिवस पाहा. अभ्यासक्रम इंग्रजीतून. राहायला परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी इमारत. खोलीत महाराष्ट्रातलाच सोबती, खाली भारतीय जेवण देणारी मेस, खिशात फोन आणि फोनवर रोज रात्री घर. बाजारात वस्तूवर छापलेली किंमत फोननेच भरायची. हा विद्यार्थी पाच वर्षे चीनमध्ये राहील, पण चिनीत त्याचा वावर दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटे. भाषा येते ती तिच्यावाचून अडते तेव्हा, आणि हे अडणे रोज, तासन्‌तास, कुणीतरी चूक दुरुस्त करत असताना व्हावे लागते. परदेशाचे तिकीट ही सोय आपोआप करून देत नाही. उलट ती घरच्या गावातही करता येते.

भाषेत बुडवून शिकवण्याच्या पद्धतीचा इतिहासही याच बाजूने बोलतो. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. प्रयोग गाजला, देशभर पसरला. काही वर्षांनी मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी अशा वर्गांतल्या मुलांची भाषा तपासली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. मुलांना ऐकलेले, वाचलेले फ्रेंच जवळजवळ फ्रेंच मुलांइतके समजत होते, पण बोलताना आणि लिहिताना साध्या साध्या रचना चुकत होत्या. वर्षानुवर्षे हजारो तास ऐकूनही. स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावर जे मत मांडले ते असे की नुसते समजणे पुरत नाही. बोलण्याची, तेही नेमके बोलण्याची वेळ यावी लागते, कारण बोलायला गेल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळते. वर्गात त्या मुलांना एखाद्या शब्दावर भागत होते, म्हणून पूर्ण वाक्य नीट बनवण्याची गरजच पडली नव्हती.

याहून नेमका पुरावा २००४ सालचा आहे. फ्रीड, सेगालोविट्झ आणि ड्युई या तिघांनी फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे तीन गट तोलून पाहिले. एक गट आपल्याच विद्यापीठात नेहमीचा वर्ग करणारा. दुसरा एक सत्र फ्रान्समध्ये जाऊन राहिलेला. तिसरा अमेरिकेतच, पण उन्हाळ्यातल्या एका कडक निवासी अभ्यासक्रमात सात आठवडे फक्त फ्रेंच बोलण्याची शपथ घेतलेला. बोलण्याच्या ओघात सगळ्यात पुढे गेला तो तिसरा गट, फ्रान्सला जाऊन आलेला नव्हे. आपण वर्गाबाहेर कोणती भाषा किती वापरतो हे विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवले होते. फ्रान्समधल्या गटाने फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरले होते. अभ्यास लहान होता, तिन्ही गटांत मिळून २८ विद्यार्थी, म्हणून त्याच्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण वसतिगृहातल्या जीवनाबद्दल जे साध्या डोळ्यांना दिसते तेच त्याने मोजून दाखवले, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

ही शपथेची पद्धत अमेरिकेतल्या मिडलबरी महाविद्यालयाच्या उन्हाळी शाळांनी रूढ केली. तिथे १९१५ साली जर्मनपासून सुरुवात झाली, पुढे चिनी आली. चिनीसाठी हीच शिस्त परदेशातल्या अभ्यासक्रमांनी उचलली. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९९३ पासून पेइचिंगमध्ये चालवलेला उन्हाळी अभ्यासक्रम त्यातला नावाजलेला. तैपेईच्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठातला आंतरराष्ट्रीय चिनी अभ्यासक्रम तसाच. अशा ठिकाणचा दिवस कसा जातो हे मराठी पालकांना माहीत असायला हवे, कारण पैसे त्याचेच मोजायचे असतात. सकाळी वर्ग सुरू होतो तो श्रुतलेखनाने. शिक्षिका वाक्य एकदा, फार तर दोनदा म्हणते. विद्यार्थ्याने ते चिनी अक्षरांत लिहायचे. मग मोठ्या वर्गात नव्या धड्याची रचना समजावली जाते. त्यानंतर तीन-चार जणांचा लहान वर्ग, आणि खरी घडण इथे होते. पुस्तक मिटलेले असते. शिक्षिका एकामागून एक प्रश्न टाकत राहते, उत्तर पूर्ण वाक्यात आणि आजच्याच धड्यातली रचना वापरून द्यावे लागते, हो-नाहीवर सुटका नाही. सूर चुकला की वाक्य तिथेच थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागते. दुपारी एकट्याची शिकवणी, त्यात सकाळी काय चुकले तेवढेच. रात्री उद्याचे शब्द. आणि वर्ग सुटल्यावरही जिन्यात, जेवताना, सहलीला, आजारी पडल्यावरसुद्धा बोलायचे ते चिनीतच. जो अभ्यासक्रम यातले काहीच मागत नाही, फक्त सकाळचे तीन तास आणि मग शहर पाहायला मोकळीक देतो, त्याची जाहिरात कितीही देखणी असली तरी तो पर्यटनाचाच एक प्रकार आहे.

मराठी माणसाने चिनीत बुडून घेतल्याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र कोणत्याही अभ्यासक्रमातले नाही. ते शेजारच्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांच्या बरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते, अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. कोटणीस पुढे जपान्यांशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले आणि १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचा त्याग आपल्या घरोघरी पोचला, पण एक गोष्ट त्या कथेत मागे राहते. या माणसाने तीन-चार वर्षांत चिनी भाषा इतकी मिळवली की तो तिथल्या मुलांना वैद्यक चिनीतून शिकवत होता आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहायला बसला होता. ते कसे जमले याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. जखमी सैनिकाला कुठे दुखते ते विचारायचे, परिचारिकेला सूचना द्यायची, वर्गात शरीरशास्त्र समजावायचे, आणि यातले काहीही इंग्रजीत करून चालण्यासारखे नव्हते. लग्नही त्यांनी तिथल्याच शुश्रूषा शिक्षिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी केले. भाषेवाचून जीव अडेल अशी जबाबदारी त्यांच्यावर होती. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. ते पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

कोटणिसांसारखा माणूस शंभर वर्षांत एखादा, त्याच्यावरून सामान्य विद्यार्थ्याचे काय ठरवायचे, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. त्यांची जिद्द कुणाला शिकवता येत नाही. पण त्यांची परिस्थिती काही अंशी उभी करता येते, आणि शपथ घ्यायला लावणारे अभ्यासक्रम नेमके तेच करतात : इंग्रजीची वाट बंद, आणि कामाला चिनी. हीच गोष्ट आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना अधिक लागू पडते. कोविडपूर्वी चीनमध्ये शिकणाऱ्या भारतीयांची संख्या तेवीस हजारांच्या घरात होती, त्यातले बहुतेक वैद्यकीय शाखेचे. भारताच्या पेइचिंगमधल्या दूतावासाने २०२२ च्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांसाठी एक सविस्तर सूचनापत्र काढले. चीनमध्ये शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी २०१५ ते २०२१ या काळात भारतातली पात्रता परीक्षा दिली आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरातले सोळा, हा आकडा त्यात होता. ही परीक्षा इंग्रजीत असते, तेव्हा या अपयशाचे खापर एकट्या चिनीवर फोडणे चूक ठरेल. पण त्याच पत्रात दूतावासाने हेही सांगितले होते की पुस्तकी वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्ण इंग्रजी बोलत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष रुग्णालयातल्या शिक्षणासाठी चिनी शिकावीच लागते. ते का, हे समजायला वॉर्डात उभे राहिल्याची कल्पना पुरते. खाटेवर खेड्यातली म्हातारी आहे. ती पोटाकडे हात करून काहीतरी लांबलचक सांगते आहे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, कळ येते की जळजळ होते. प्राध्यापक तिच्याशी बोलतात, स्थानिक विद्यार्थी टिपणे घेतात. ज्याची चिनी बाराशे शब्दांची आहे, तोसुद्धा निम्मे पकडतो. ज्याची शून्य आहे, त्याच्या हाती त्या सकाळी पडते ते फक्त रुग्णाच्या पोटाचे दृश्य. निदान रुग्णाच्या तोंडून सुरू होते, आणि ते तोंड त्याच्यासाठी बंद आहे.

आता तयारीचा मुद्दा, जो मला सगळ्यांत कळीचा वाटतो. कोटणीस कोरे गेले आणि शिकले, मग आपण का नाही? कारण त्यांच्याजवळ चार वर्षे होती, आजच्या विद्यार्थ्याजवळ आठ आठवडे किंवा एक वर्ष असते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था चिनीला इंग्रजी भाषकांसाठी सर्वांत अवघड भाषांच्या गटात धरते : ८८ आठवडे, २,२०० वर्गतास, आणि त्यातले दुसरे वर्ष त्या देशात. आठवड्याला चार तासांचा वर्ग, वर्षाचे तीस आठवडे, या आपल्या नेहमीच्या गतीने तेवढे तास भरायला अठरा वर्षे लागतील. म्हणून परदेशातला काळ सोन्याच्या भावाने वापरायचा असतो, आणि तो पहिले शंभर शब्द, अक्षरांची वळणे, चार सूर यांत घालवणे म्हणजे उधळपट्टी आहे. ब्रेख्ट, डेव्हिडसन आणि गिन्सबर्ग यांनी १९८४ ते १९९० या काळात सोव्हिएत रशियात रशियन शिकायला गेलेल्या ६५८ अमेरिकन विद्यार्थ्यांची पाहणी केली. जाण्याआधी ज्यांचे व्याकरण आणि वाचन पक्के होते, तेच तिथून सर्वांत जास्त घेऊन आले. पाया असलेल्याच्या कानावर पडलेले वाक्य कुठेतरी जाऊन बसते. पाया नसलेल्याच्या कानाला तो नुसता गोंगाट असतो.

ही शहाणीव नवी नाही, आणि ती आपल्याकडे येणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनीच आधी लिहून ठेवली आहे. सातव्या शतकात बौद्ध ग्रंथांसाठी भारतात आलेल्यांपैकी ह्यूएन त्संग आपल्या परिचयाचा, कारण तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला होता. त्याच्यामागून आलेला इत्सिंग मला या बाबतीत अधिक मोलाचा वाटतो. तो ६७१ साली समुद्रमार्गे निघाला आणि वाटेत आजच्या सुमात्रातल्या श्रीविजय राज्यात सहा महिने थांबला, संस्कृत व्याकरण शिकण्यासाठी. मग ताम्रलिप्तीला उतरून पुन्हा भाषेवर वेळ घातला, आणि त्यानंतर नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. पुढे आपल्या देशबांधवांसाठी त्याने लिहिलेला सल्ला असा की भारतात जायचे असेल तर आधी श्रीविजयात एक-दोन वर्षे राहून रीतीभातींचा आणि विद्येचा सराव करा, मग मध्यदेशी जा. साडेतेराशे वर्षांपूर्वी परभाषेच्या विद्यार्थ्याने दिलेला हा सल्ला आजही जसाच्या तसा लागू पडतो.

तयारी करताना मराठी मुलांना एक मोठी सोय आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण चिनी आपण इंग्रजीच्या वाटेने शिकतो. चिनीच्या रोमन लिपीत जिथे 'बी' लिहितात तिथे उच्चार 'प'चा असतो आणि जिथे 'पी' लिहितात तिथे 'फ'चा, फळातल्या 'फ'चा, फॅनमधल्या नव्हे. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला हा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्‌महिने कानात बसत नाही. आपल्याकडे तो मुळाक्षरांतच पाठ झालेला असतो. शिवाय मराठीत दोन 'च' आहेत, चिंचेतला आणि चुलीतला, आणि चिनीतही साधारण तेच दोन लागतात. हिंदीभाषकाला चुलीतला 'च' नव्याने शिकावा लागतो. तेव्हा पहिल्या महिन्यात उच्चार देवनागरीत टिपून घेतले तर विद्यार्थ्याचा बराच वेळ वाचेल. मात्र सुरांच्या बाबतीत मराठीचा उपयोग नाही. 'माय' हा उच्चार खाली जाऊन वर उचलला तर खरेदी, वरून सरळ खाली टाकला तर विक्री. व्यापाऱ्याच्या मुलाने हे घोटून घोटून जिभेवर बसवायलाच हवे, आणि ते इथे, रोज अर्धा तास, चांगल्या ध्वनिफितीबरोबर करता येते.

यावर आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला राजकारणाचा. १९६२ आहे, २०२० चे गलवान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणातून ती गाळली गेली. कोविडमध्ये मायदेशी आलेल्या विद्यार्थ्यांना २०२२ पर्यंत परत जाता आले नाही, त्यांची वर्षे संगणकाच्या पडद्यासमोर गेली. पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे, आणि जे घर हा धोका पत्करू इच्छित नाही त्याच्यासाठी तैवानचा पर्याय आहे. तिथे भाषा तीच, अक्षरांचे रूप मात्र जुने, आणि भाषा शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीही. पण शेजाऱ्याशी वैर आहे म्हणून त्याची भाषा नको, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. वसंत परांजपे हे मराठी गृहस्थ १९४७ साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंगला शिकायला गेले. यादवी युद्ध, भडकलेली महागाई आणि १९४९ च्या जानेवारीतले सत्तांतर या सगळ्यांत ते शहर सापडले होते. पुढे ते परराष्ट्र सेवेत आले, आणि १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा त्यांचे दुभाषे परांजपे होते. टेबलाच्या आपल्या बाजूला चिनी जाणणारा आपला माणूस नसेल तर समोरचा जे सांगेल तेवढेच आपल्याला कळते. संबंध बिघडलेले असताना तर अशी माणसे जास्तच लागतात, आणि ती तयार व्हायला दहा वर्षे जातात.

दुसरा आक्षेप यंत्राचा. फोन आता क्षणात भाषांतर करून देतो, मग एवढी यातायात कशाला? फलक वाचायला, पत्रव्यवहाराला, मालाची यादी समजायला यंत्र उत्तम आहे. तेवढ्यासाठी कुणी वर्ष घालवू नये. पण दराची बोलणी करताना समोरचा आपल्या सहकाऱ्याशी हळूच काय बोलला, हे समजणारा माणूस आणि फोन पुढे करणारा माणूस यांना मिळणारा भाव वेगळा असतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तर यंत्राचा एक तोटाही आहे. ते अडचण दूर करते, आणि अडचण हीच शिक्षिका असते. फोन हातात असलेला विद्यार्थी पेइचिंगच्या भरबाजारातही आपल्या खोलीतच बसलेला असतो. शपथेच्या काळात भाषांतराचे ॲप काढून टाकावे, कोश ठेवावा.

तिसरा आक्षेप विद्वानांचा, आणि तो बरोबर आहे. चीनमध्ये न राहताही चिनी येते, निदान वाचायला. विलिंग्डन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात पु. वि. बापट पाली शिकवत. त्यांनी विमुत्तिमग्ग या ग्रंथाच्या चिनी भाषांतराची विसुद्धिमग्गाशी तुलना करणारे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध केले. सहाव्या शतकातली चिनी वाचण्यासाठी त्यांना चीनच्या बाजारात भाजी घ्यावी लागली नाही. ज्याला ग्रंथ वाचायचे आहेत त्याने टेबलाशी बसावे, विमानभाडे वाचवावे. म्हणूनच जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की चिनी कशासाठी हवी. वॉर्डासाठी, व्यापारासाठी, दुभाषेपणासाठी हवी असेल तर बोलण्याला पर्याय नाही. आणि शाकाहारी घरातल्या मुलीचे कसे होणार, एकटीने कसे राहायचे, हे प्रश्नही त्याच तयारीत बसतात. आपण काय खातो, काय नाही, पत्ता कोणता, दुखते कुठे, मदत हवी, ही पन्नास वाक्ये इथून पक्की करून नेली तर पहिल्या आठवड्याची निम्मी भीती जाते, आणि भीती गेलेली मुलगी बोलू लागते.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, आणि इथे विश्रामबागेला काही करता येण्यासारखे आहे. शपथेचा वर्ग परदेशातच हवा असे नाही, हे त्या २८ विद्यार्थ्यांच्या अभ्यासाने दाखवलेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयांची वसतिगृहे रिकामी असतात. वीस विद्यार्थी, दोन चांगले शिक्षक, सहा आठवडे, आणि जेवणाच्या पंगतीतही मराठी-इंग्रजीला बंदी, एवढ्यावर पहिला प्रयोग होऊ शकतो. पुण्या-मुंबईत चिनी शिकवणारे लोक आहेत, चीनमध्ये शिकून परतलेले डॉक्टर मिरजेच्या आसपासही सापडतील. आणि आपल्या जिल्ह्यात निरनिराळ्या भाषा कामातून शिकलेली गलाईवाली माणसे आहेत, त्यांना एका संध्याकाळी बोलावून कसे शिकलात हे विचारले तर ते एखाद्या पाठ्यपुस्तकाइतके उपयोगी पडेल. महाविद्यालयाने पुढाकार घेतला नाही तर चार मित्रांनी मिळून एक खोली घ्यावी आणि दिवसाचे दोन तास ही शिस्त पाळावी. तेही वसतिगृहातल्या भारतीय मेसपेक्षा जास्त चिनी देईल.

तैवानच्या भाषा शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात आणि वर्ग पावसाळ्यानंतर सुरू होतात. जूनमध्ये महाविद्यालय उघडताना ज्याने चिनी अक्षरे गिरवायला घेतली, त्याच्याजवळ अर्जाआधी आठ महिने आणि विमानात बसेपर्यंत वर्षाहून थोडे अधिक असते. रोज दोन तास धरले तर निघण्याआधी सातशेहून अधिक तास होतात. तेवढ्यात सहाशे-सातशे शब्द, चारही सूर आणि साधी वाक्यरचना अंगवळणी पडते, आणि तैपेईला पोचल्यावर लहान वर्गात पुस्तक मिटवून बसवले की पहिल्या दिवसापासून उत्तर देता येते.